फाळ : एका कोनदार मराठी अक्षराच्या कामाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४, शहापूर, बेळगाव

दादानं उद्यमबागेत सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशिनांचं, छोटं वर्कशॉप टाकलंय. भाड्याचा गाळा, दोन मशिनं. पाटीसाठी त्यानं मोबाईलवर इंग्रजी नमुना दाखवला. चौकोनी, कोपरे छाटलेली, अंतराळयानावर शोभतील अशी अक्षरं. "असलं मराठीत पाहिजे," म्हणाला. देते शोधून म्हटलं आणि दोन रात्री शोधत बसले.

मराठीत बोरूच्या वळणाची अक्षरं मिळतात, कुंचल्याच्या फटकाऱ्याची मिळतात, तलवारीच्या पात्यासारखी टोकं काढलेली तर भरपूर. ती सुंदर आहेत. गडाच्या नावाला, जत्रेला, कुस्तीच्या मैदानाला शोभतात. पण दादाच्या गाळ्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून वाद होतात. तिथे ते वळण ओळखीचं वाटत नाही. जुनं काही सांगायचं असलं की मराठी आणि उद्याचं सांगायचं असलं की इंग्रजी, अशी वाटणी आमच्याकडच्या पाट्यांवर कधी होऊन बसली कळलंच नाही. मला ती फार सलते. लेथवर मराठीत बोलणारी, ड्रॉइंग मराठीत समजावणारी माणसं आहेत ही, आणि त्यांच्याच पाटीवर मराठीला पुढचं दिसू नये?

इंडियन टाइप फाउंड्रीचे तेको आणि राजधानी हे फॉन्ट हव्या त्या गोष्टीच्या जवळ येतात. सरळ बाजूंचे, नेटके, कुणालाही मोफत वापरता येणारे. पण त्यांचे कोपरे मऊ आहेत, दादाला छाटलेला कोपरा हवाय. म्हणजे मलाच काढावं लागणार.

पाटीचं गणितही लिहून ठेवते. २०२४ च्या कायदादुरुस्तीपासून कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला द्यायची असते, उरलेल्या चाळीस टक्क्यांत बाकीच्या भाषा. दादा म्हणाला, "इंग्रजी राहू दे. चाळीसच्या चाळीस मराठीला दे."

नाव ठरलं : फाळ. नांगराचा. त्यात ळ आहे आणि सरळ रेषेत बसवायला ळ इतकं अवघड अक्षर दुसरं नसेल, म्हणून मुद्दामच.

१५ नोव्हेंबर

भविष्यातली अक्षरं चौकोनी का असतात, याचा शोध घेतला. इटलीतल्या तुरिनच्या नेबिओलो कारखान्यातून १९५२ साली मायक्रोग्रामा आला आणि १९६२ साली आल्दो नोवारेसेचा युरोस्टाइल. त्यांतला ओ फुगलेल्या चौकोनासारखा, त्या काळच्या टीव्हीच्या पडद्यासारखा आहे. मग १९६७ साली हॉलंडच्या विम क्राउवेलनं 'न्यू अल्फाबेट' मांडला. तेव्हा कॅथोड किरणांच्या पडद्यावरून अक्षरजुळणी सुरू झाली होती आणि त्या पडद्यावर गोलाई खराब दिसे. त्यानं गोलाईच काढून टाकली. फक्त आडव्या, उभ्या रेषा आणि कोपऱ्याला पंचेचाळीस अंशांचा छोटा छाट. काही अक्षरं वाचताच येत नव्हती. तो प्रयोगच होता, रोजच्या वापरासाठी नव्हता.

यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. कोन ही सजावट नव्हती, त्या यंत्राची ती गरज होती. माझंही यंत्र आहे : दादाचं राउटर (फिरत्या बिटानं कापणारं), कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्याचा प्लॉटर (ब्लेडनं स्टिकर कापणारा), फ्लेक्सवाल्याचा प्रिंटर. अक्षर त्यांच्यातून जाणार आहे, तर ते त्यांना सोपं जावं.

२० नोव्हेंबर

एक हजार एककांचा चौक (फॉन्टमध्ये अक्षर एककांत मोजतात), वीस-वीस एककांची जाळी. उभ्या दांड्याची जाडी १२०, शिरोरेषेची १००. नियम क्राउवेलचाच घेतला होता : शून्य, नव्वद, पंचेचाळीस. चौथ्या अक्षरालाच अडला. र चा पाय पंचेचाळीस अंशांत काढला की जितका खाली उतरतो तितकाच उजवीकडे जातो. तीनशे खाली, तीनशे बाजूला. शब्दात र आला की तिथे रस्ता रुंद केल्यासारखा दिसतो. "रंगारी" लिहून पाहिलं, सगळा शब्द पसरला.

म्हणून दुसरा तिरकेपणा घेतला : दोन घरं खाली, एक घर बाजूला. साधारण त्रेसष्ट अंश. तोच पाय आता दीडशेत मावतो. कोपऱ्यांचे छाट पंचेचाळीसचे, लांब तिरक्या रेषा त्रेसष्टच्या. दोनच उतार, तिसरा येऊ द्यायचा नाही.

२८ नोव्हेंबर

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

इंग्रजीत असल्या अक्षरांना भविष्याचा तोंडवळा येतो तो बऱ्याचदा चिरांमुळे. कुठे आडवी रेघ गाळायची, कुठे दांडा मधेच तोडायचा. मीही तेच केलं. शिरोरेषेत ठिकठिकाणी बारीक चिरा दिल्या. दिसायला देखणं झालं. सर्किटवरून वीज धावावी तशी रेघ तुटत तुटत जायची. खूश होऊन प्रिंट काढली आणि मामांकडे गेले.

मामांनी चाळीसेक वर्षं पाट्या रंगवल्या. खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूर, वडगाव. आता हात थरथरतो, पण नजर तीच. मी कागद भिंतीला लावला आणि दहा पावलं मागे जाऊन वाचायला सांगितलं. पाटीवरची ओळ होती : "साचे, सुटे भाग, धार लावून मिळेल". खाली मी तपासणीसाठी काही शब्द लिहिले होते.

मामा वाचत गेले. "साचे, सुटे... माग?" थांबले. "घार लावून मिळेल." मग खालचे शब्द : घर ला धर, भात ला मात, मरण ला भरण.

"मामा, घर आहे ते."

"घर न्हवं पोरी, मी धर वाचूलालो. डोक्यावर फट हाय की त्याच्या."

मग मला दिसलं. देवनागरीत शिरोरेषेतली फट आधीपासून अर्थ घेऊन बसली आहे. घ ची रेषा सलग, ध ची तुटलेली. म ची सलग, भ ची तुटलेली. आपण पहिलीत हेच शिकतो आणि मग विसरून जातो, इतकं ते अंगवळणी पडतं. इंग्रजीतली चीर मोकळी असते, कुठेही द्या, अक्षर बदलत नाही. आपल्याकडे चीर हा अक्षराचा अवयव आहे. मी तो दागिन्यासारखा वाटत सुटले होते.

त्यावर आणखी एक चूक मी केली होती. बोरूच्या वळणात ध ला आणि भ ला डाव्या अंगाला डोक्यावर छोटी गाठ असते. तीही फरक सांगते. सरळ रेषांच्या नादात मी त्या गाठी काढून टाकल्या आणि सगळा भार एका फटीवर टाकला. ती फट फक्त साठ एकक रुंद. दहा पावलांवरून ती मिटते, आणि धार ची घार होते.

घरी येऊन सगळ्या शोभेच्या चिरा पुसल्या. फट फक्त तिथेच राहिली जिथे परंपरेनं आहे, पण ती ११० एकक केली. गाठ परत आणली, गोल नव्हे, आकड्यासारखी दोन कोनांची. आणि मजा अशी की पान आता जास्त ठसठशीत दिसतंय. रेषा सलग धावते, ध आला की एकदम तुटते, पुन्हा धावते. जी चीर मी बाहेरून आणत होते ती लिपीत होतीच.

६ डिसेंबर

ट, ठ, ढ, द एकाच साच्यातून. ठ अष्टकोन. ट उजवीकडे उघडा. ढ च्या पोटात छोटा चौकोन. द चे शेपूट त्रेसष्ट अंशांत. दोन तासांत झाले. ड आणि ङ मध्ये ठिपका पुरतो. ह राहिला.

१७ डिसेंबर

पूर्ण दिवस एका शब्दावर : बेळगाव.

या शब्दात ब आणि व दोन्ही आहेत. फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. दोन्हींचं पोट मी छाटलेल्या कोपऱ्यांची पेटी केलं आहे, आणि ब ची रेघ त्या पेटीत इतकी दाटते की लहान आकारात पोट भरून येतं. वेळगाव. आपल्या गावाचं नाव असं वाचलं जाणं परवडणार नाही. शेवटी ब ची पेटी व पेक्षा तीस एकक रुंद केली, आतली रेघ १२० वरून ७० वर आणली. मोठ्या आकारात बघितलं तर ती रेघ बारीक आहे हे कळतं. रस्त्यावरून कळत नाही.

ळ. आधी दोन चौकोन शेजारी ठेवले, चष्म्यासारखे दिसले. दोन अष्टकोन ठेवले, आठचा आकडा आडवा झाला. संध्याकाळी दोन समभुज चौकोन टोकावर उभे केले आणि मधल्या जागी एकमेकांत घुसवले. डावीकडच्या पाकळीचं तोंड खालून उघडं ठेवलं. तो ळ झाला. वाचता येतो आणि त्याचे कोन नांगराच्या फाळासारखेच पुढे निघालेले दिसतात.

ल सुद्धा मराठी, पाकळीचा. हिंदी वळणाचा ल सरळ रेषेत सोपा बसतो, हे खरं आहे. श चंही तसंच. पण या गावात, या पाटीवर, पाकळी सोडून देणार नाही. हिंदी मजकुरासाठी तो दुसरा ल आत ठेवला आहे, भाषा बदलली की आपोआप येईल.

४ जानेवारी २०२५

देवनागरीला तीन मजले लागतात. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. मधे अक्षर. खाली उकार. दादाची पाटी चार फूट उंच. चाळीस टक्के म्हणजे साधारण एकोणीस इंच. वरखाली मोकळी जागा सोडली की पंधरा. नेहमीच्या फॉन्टमध्ये मधला मजला निम्म्याच्या आसपास, म्हणजे अक्षराचं अंग साडेसात इंच. फाळ मध्ये वरचा मजला २२०, खालचा २००, मधला ५८०. तेवढ्याच पट्टीत अंग साडेआठ इंचांच्या वर गेलं. एक इंच कमावला आणि रस्त्यावर तो एक इंच दिसतो.

त्याची किंमत मात्र द्यावी लागली. "मार्गी" मध्ये रफार आणि दीर्घ वेलांटी वरच्या मजल्यात एकमेकांच्या अंगावर येतात. अनुस्वार आला की तिघं. रफार डावीकडे टेकवला, अनुस्वार वेलांटीच्या कोनात बसवला. उभी रचलेली जोडाक्षरं, म्हणजे ट्ट, ड्ढ, यांचा खालचा भाग चेपला. उद्यमबाग मधला द्य तर तीनदा काढला. द पोटाशी घेऊन य अर्धा लपवायचा, तरच तो ओळखीचा वाटतो. हलन्त देऊन सोडवता आला असता, पण पत्त्यातलं जागेचं नाव पाय मोडून लिहिणं मला बरं वाटेना.

१९ जानेवारी

ऱ्हस्व वेलांटीची कमान प्रत्येक अक्षराच्या रुंदीप्रमाणे लांब हवी, नाहीतर "स्थि" मध्ये ती स वरच संपते. गोल वळणाच्या फॉन्टमध्ये प्रत्येक कमान नव्यानं घोटावी लागते. इथे वरची रेघ सपाट असल्यामुळे दोन नोड, म्हणजे रेघेचे बिंदू, सरकवले की झालं. सात रुंद्या अर्ध्या तासात.

"कोपऱ्यात" मधला ऱ्य. हिंदीला याची गरज पडत नाही, आम्हाला त्याच्याशिवाय चालत नाही. चंद्रकोर मोडून तिची पाचर केली. छान बसली.

९ फेब्रुवारी

रेडियमवाल्याकडे पहिली चाचणी. प्लॉटरनं "फाळ" कापायला घेतलं तेव्हा ब्लेड न थांबता गेलं. सरळ रेषा, मोजके नोड. सोलताना मात्र ब च्या पोटातला बारीक त्रिकोण दोनदा फाटला. दोन इंचांपेक्षा लहान रेडियमसाठी ब ची वेगळी आकृती हवी, रेघ खालच्या बाजूला न टेकणारी. काढली.

१६ फेब्रुवारी

राउटर. अॅक्रिलिकची अक्षरं. इथे बरंच शिकले.

एक : राउटरचं बिट गोल फिरतं. तीन मिलिमीटरचं बिट असेल तर आतल्या प्रत्येक कोपऱ्यात दीड मिलिमीटरची गोलाई राहतेच, मग मी स्क्रीनवर किती का धारदार कोन काढीन. जिथे मी कोपरा छाटून एकशे पस्तीस अंशांचा केला आहे तिथे ती गोलाई डोळ्याला लागत नाही. जिथे र चा पाय अंगाला मिळतो त्या चिंचोळ्या कोनात ती चिखलासारखी साचते. तिथे कोनाच्या टोकाला छोटी खाच दिली, बिट आत शिरून बाहेर येईल एवढी. आता कोन टोकदार वाटतो.

दोन : इंग्रजी शब्दाची आठ अक्षरं म्हणजे आठ तुकडे, आठ वेळा सरळ रेषेत चिकटवणं. आपला शब्द शिरोरेषेनं बांधलेला, एक अख्खा तुकडा. कटिंगवाले काका हे बघून खूश झाले. पण ध किंवा भ मधे आला की शब्द तिथे दुभंगतो, "साधन" चे दोन तुकडे होतात. आणि ग, ण, श यांचे दोन भाग फक्त शिरोरेषेनंच जोडलेले असतात, खाली काही आधार नाही. दोन इंची अक्षरात ती रेषा जेमतेम नऊ मिलिमीटर भरते. उचलताना एक ण तिथेच मोडला. लहान आकारासाठी शिरोरेषा १२० ची जाड आवृत्ती करणार.

तीन : अनुस्वार. सुटा तुकडा, सगळ्यात आधी पडणारा. काका म्हणाले, "टिंब रेषेला चिकटवून टाक की, पडायचं न्हाई." पण चिकटलं की ते अनुस्वार राहत नाही, तुटलेली मात्रा वाटते. सुटंच ठेवलं, थोडं मोठं केलं, चौकोन टोकावर उभा. बसवायला कागदी साचा सोबत छापून द्यायचा ठरलं.

८ मार्च

फ्लेक्सच्या दुकानात फाईल दिली. त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी अक्षराच्या मागे गेली, जोडाक्षरं सुटी झाली, रफार हवेत. फॉन्ट युनिकोडमधला आहे आणि त्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी कळत नाही. तिथला मुलगा जुन्या एन्कोडिंगचे फॉन्टच वापरतो, त्यात हातानं एकेक आकृती बसवायची सवय आहे. त्याच्या कामाचा वेग बघण्यासारखा आहे, त्याला दोष नाही. मजकूर इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचा, रेषांत बदलायचा आणि मग त्याच्याकडे न्यायचा, हे दहा मिनिटांत दाखवलं. वहीत पायऱ्या लिहूनही दिल्या. फॉन्टसोबतही हाच कागद जाईल.

३० मार्च, पाडवा

धारवाडची मैत्रीण आली होती. ती कन्नड अक्षरं काढते. पाटीवर साठ टक्के कन्नड आहे आणि ते गोल, मऊ फॉन्टमध्ये. खाली माझं कोनदार. दोन वेगळ्या दुकानांच्या पाट्या एकमेकांवर ठेवल्यासारखं दिसतं. हे मला महिनाभर खटकत होतं.

तिला माझे दोन उतार दिले आणि ती कन्नडवर बसली. तिची अडचण ऐकताना मला माझाच नोव्हेंबर आठवला. कन्नडचा व वर मिटलेला, प वर उघडा. तीही फटच. डोक्यावरच्या खुणेला कन्नडमध्ये तलकट्टु म्हणतात, तिनं ती त्रेसष्ट अंशांत छाटली आणि फट तशीच राखली. कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खालची व्यंजनं, खाली लोंबतात, त्यामुळे तिला खालचा मजला माझ्यापेक्षा बराच खोल लागतो. अक्षरांची उंची सारखी करायचा हट्ट सोडला. दांड्याची जाडी आणि छाटाचा कोन एवढंच सारखं ठेवलं. दुपारी श्रीखंडपुरी झाल्यावर दोन्ही ओळी एकाखाली एक छापल्या. एकाच दुकानाची पाटी वाटली.

२२ एप्रिल

शिवजयंती आठवड्यावर. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना चित्ररथाच्या फलकासाठी फाळ हवा होता. मजकूर मोठा, आठ-दहा ओळींचा प्रसंग. त्यांना नको म्हटलं. हे अक्षर दोन-चार शब्दांचं आहे, परिच्छेदात डोळा प्रत्येक कोनावर अडखळतो. मजकुराला मुक्त सुचवला, एक टाइपचा, वाचायला स्वच्छ. टीशर्टच्या पाठीवर गल्लीचं नाव आणि साल मात्र फाळ मध्ये छापलं. आकड्यांत ५, ८, ९ मराठी वळणाचे घेतले होते, त्या पोरांनी ते लगेच ओळखले याचा फार आनंद झाला.

२४ मे

पाटी चढली. वर कन्नड, खाली मराठी, दोन्ही काळ्या एसीपीवर, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या पॅनेलवर, पांढऱ्या अॅक्रिलिकमध्ये. मामांना रिक्षानं घेऊन गेले. ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले आणि सावकाश वाचलं : "साचे, सुटे भाग, धार लावून मिळेल." एकदाही अडले नाहीत. मग अलीकडे येऊन ध च्या फटीतून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुंच्यानं काढायचं झालं तर कुठनं सुरू करायचं?" दादाच्या टेबलावर कागद पसरून आम्ही दोघं तासभर तेच करत होतो. चपट्या कुंच्यानं दांडा आधी, मग आकडा, शिरोरेषा शेवटी.

११ जून

दोन दिवस पावसाची झोड. अनुस्वार जागेवर आहेत, सगळे मोजले.

आवृत्ती १.०० बांधली. खुला परवाना, एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा, पुढे द्यावा. राहिलेलं : ह चं पोट अजून ड कडे झुकतं. ज्ञ जड आहे. बारीक शिरोरेषेची आवृत्ती नको, जाड हवी. निपाणीहून एकानं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानासाठी विचारलंय, त्याच्या नावात "ट्र" आणि "ऱ्या" दोन्ही आहेत. उद्या आधी तेच जोडून बघायचं.